सम्राटाचा दिवाळीतला किल्ला

वाईला जसे घाट, तसे पॉट्सडॅमला राजवाडे. बर्लिनहून लोकल गाडीने तासाभराच्या आत पोचता येणारे हे गाव. प्रशियाच्या राजघराण्यातल्या प्रत्येकाने इथे आपापली हौस भागवून घेतली. कोणी द्राक्षमळ्यावर महाल बांधला, कोणी इटालियन पद्धतीचा बंगला, कोणी तळ्याकाठी देवळासारखे काही. पर्यटकांची रीघ लागते ती सांसूसीला, म्हणजे फ्रेडरिक द ग्रेटच्या महालाकडे. गावाच्या पूर्वेला, हाफेल नदीच्या काठावरच्या टेकडीवर बाबेल्सबर्गची बाग आहे, तिकडे त्या मानाने थोडे लोक फिरकतात. बाबेल्सबर्ग हे नाव आपल्याकडे ठाऊक असलेच तर सिनेमाच्या इतिहासात रमणाऱ्यांना. मालाडला बॉम्बे टॉकीज उभी करण्यापूर्वी हिमांशू राय आणि देविकाराणी ज्या जर्मन उफा कंपनीत राहून धंद्याचे धडे गिरवत होते, तिचे भव्य स्टुडिओ या बागेपासून हाकेच्या अंतरावर होते. खोटे किल्ले, खोटे रस्ते, खोटा चंद्र. पण आज ज्याच्याविषयी लिहायचे आहे तो खोटा किल्ला सिनेमावाल्यांनी बांधलेला नाही. तो सिनेमाचा जन्म होण्याच्या चाळीस वर्षे आधी एका राजपुत्राने बांधला, आणि तो राजपुत्र पुढे जर्मनीचा सम्राट झाला.

बागेतल्या एका उंचवट्यावर हा बुरूज उभा आहे. नाव फ्लाटो बुरूज. उंची सुमारे ४६ मीटर, म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढी. खाली चौकोनी बैठक, वर गोल विटकाम, माथ्यावर टोपीसारखे निमुळते शिखर आणि त्याच्याभोवती चार चिमुकल्या बुरूजट्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावे की चौदाव्या-पंधराव्या शतकातला आहे, इथे तिरंदाज बसत असतील, तेल उकळत असेल, वेढे पडले असतील. प्रत्यक्षात हे बांधकाम १८५३ ते १८५६ या काळातले. त्यावेळी आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावू लागली होती. बुरूजाच्या पायथ्याशी खंदकासारखे पाणी आहे, तेही शत्रूला अडवण्यासाठी नाही. ती बागेला पाणी पुरवणारी उंचावरची टाकी आहे. नदीकाठी वाफेच्या यंत्राचे एक घर आहे (तेही किल्ल्यासारखेच सजवलेले), तिथून पाणी टेकडीवर चढवायचे, साठवायचे आणि उताराने कारंजांना, झाडांना सोडायचे. म्हणजे किल्ला म्हणून पाहिले तर सोंग, पाण्याची टाकी म्हणून पाहिले तर चोख काम.

आपल्याकडे पोरे दिवाळीत अंगणात किल्ला करतात. माती, विटा, गोणपाट, वर पेरलेले हळीव, मावळे आणि सिंहासनावर महाराज. त्या किल्ल्याला खोटा म्हणायची कोणाची छाती नाही. युरोपातल्या राजेरजवाड्यांना अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हीच हौस लागली आणि त्यांनी ती विटा-दगडांत पुरवली. बागेत फिरताना पाहुण्याला मध्येच एक पडका मठ दिसावा, एक जुनाट बुरूज दिसावा, आणि त्याच्या मनात काहीतरी हुरहुर दाटून यावी, एवढाच त्या बांधकामांचा उपयोग. गंमत पाहा, १८१८ नंतर इंग्रज आपल्या सह्याद्रीतल्या खऱ्या किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवत होते, आणि त्याच काळात त्यांच्या आणि त्यांच्या भाईबंदांच्या देशांत श्रीमंत लोक पैसे मोजून नवे पडके किल्ले बांधवून घेत होते.

असो. बुरूज बांधणाऱ्याकडे वळू.

विल्हेल्मचा जन्म २२ मार्च १७९७ चा, बर्लिनमधला. प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम आणि राणी लुईझा यांचा हा दुसरा मुलगा. दुसरा, म्हणजे गादीवर बसण्याची शक्यता बेताचीच. थोरला बुद्धिमान, चित्रे काढणारा, बोलका. हा किरकोळ प्रकृतीचा, सांगितलेले निमूट ऐकणारा. नऊ वर्षांचा असताना, १८०६ च्या ऑक्टोबरात, नेपोलियनने येनाच्या लढाईत प्रशियाच्या सैन्याची दाणादाण उडवली आणि राजघराण्याला पळावे लागले. पूर्वेकडे, थेट बाल्टिकच्या किनाऱ्यावरच्या मेमेलपर्यंत. वाटेत गाडी मोडली तेव्हा आईने शेतातली निळी रानफुले गुंफून रडणाऱ्या मुलांची समजूत काढली, अशी एक गोष्ट जर्मन घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. ती घडली असो वा नसो, म्हातारपणापर्यंत त्याचे आवडते फूल तेच होते. १८०७ च्या एक जानेवारीला, दहा वर्षेही पुरी झाली नव्हती, त्याच्या अंगावर लष्करी अधिकाऱ्याचा गणवेश चढला. तो त्याने जवळजवळ एक्क्याऐंशी वर्षे उतरवला नाही, असे म्हटले तरी चालेल. १८१० मध्ये आई गेली, अवघी चौतीस वर्षांची. या मुलाच्या मनात शत्रू म्हणजे फ्रेंच आणि आधार म्हणजे सैन्य, ही दोन समीकरणे त्या वयात पक्की झाली. १८१४ साली फ्रान्समध्ये बार-स्युर-ओबच्या लढाईत गोळीबारात उभे राहून त्याने पदक मिळवले. तेव्हा तो सतरा वर्षांचाही नव्हता.

यानंतर त्याच्या आयुष्यात आली एलिझा राद्झिविल. कादंबरीकाराने बेतावी तशी ही गोष्ट आहे, म्हणूनच मी जरा जपून सांगतो. एलिझाचे वडील पोलंडमधल्या राद्झिविल घराण्यातले, संगीतकार, गटेच्या फाउस्टला चाली लावणारे. आई तर प्रशियाच्या राजघराण्यातलीच. घर सुसंस्कृत, मुलगी देखणी आणि गुणी. पण पंचांगापेक्षाही कडक अशी एक वही दरबारात होती, राजघराण्याच्या बरोबरीची घराणी कोणती याची. राद्झिविल त्या वहीत बसत नव्हते. मग सुरू झाल्या समित्या, वंशावळी, कायदेपंडितांची मते. रशियाच्या झारने तिला दत्तक घ्यावे म्हणून खटपट झाली, त्याने नकार दिला. मग तिच्या मामाने, प्रशियाच्याच एका राजपुत्राने, दत्तक घ्यावे असे ठरले. तर दत्तक घेतल्याने रक्त बदलत नाही, असा निवाडा आला. वर्षे जात राहिली. १८२६ च्या जूनमध्ये वडिलांचे पत्र आले की हा विचार सोडून दे. एकोणतीस वर्षांचा, लढाई पाहिलेला तो सेनाधिकारी. त्याने सोडून दिला. बंड केले नाही, पळून गेला नाही, हट्टही धरला नाही. वडील म्हणजे राजा आणि राजा म्हणजे आज्ञा. एलिझा पुढे क्षयाने १८३४ साली वारली, अविवाहित. तिची छोटीशी तसबीर त्याच्या मेजावर शेवटपर्यंत होती असे सांगतात.

तीन वर्षांनी, ११ जून १८२९ रोजी, त्याचे लग्न झाले ते वायमारच्या ऑगुस्टाशी. वायमार हे गटेचे गाव. ऑगुस्टा लहानपणी त्या म्हाताऱ्या कवीच्या सहवासात वाढलेली, वाचलेली, मते असलेली, आणि ती मते बोलून दाखवणारी. नवरा शिस्तीतला, कवायतीत रमणारा. संसार प्रेमाचा झाला नाही, भांडणाचा मात्र बराच झाला. तरी एका बाबतीत दोघांचे एकमत होते. दोघांना स्वतःचे घर हवे होते.

विल्हेल्मचा धाकटा भाऊ कार्ल. त्याने हाफेलच्या पलीकडच्या काठावर ग्लीनिकेची जागा घेऊन ती नटवली होती, आणि त्याची बायको ऑगुस्टाची सख्खी बहीण. आता दोघे भाऊ, दोघी बहिणी, आणि एकाचाच बंगला नदीकाठी. कोणत्याही घरात जे होईल ते इथे झाले. विल्हेल्मने वडिलांच्या मागे लागून १८३३ मध्ये समोरच्या बाबेल्सबर्ग टेकडीवर घर बांधण्याची परवानगी मिळवली. हात आखडता होता, म्हणून शिंकेल या थोर वास्तुकाराने आधी निम्माच महाल बांधला, उरलेला पुढे पैसे येतील तसा. ऑगुस्टाला इंग्लंडच्या विंडसरसारखे टोकदार कमानींचे, कंगोऱ्यांचे घर हवे होते. शिंकेलला साधेपणा हवा होता. कोण जिंकले असेल हे महाल पाहिल्यावर सांगावे लागत नाही. बागेचे काम लेने याच्याकडे होते. त्याने झाडे लावली, पण टेकडी रेताड, पाणी नाही, रोपे जळाली.

मग १८४० च्या दशकात आला प्युक्लर. हा प्रिन्स प्युक्लर म्हणजे एका वेगळ्या लेखाचा विषय. कर्ज फेडण्यासाठी बायकोच्या संमतीने तिला घटस्फोट देऊन इंग्लंडात श्रीमंत वधू शोधायला गेलेला, वधू न मिळता बागकामाचे वेड घेऊन परतलेला आणि पुन्हा त्याच बायकोबरोबर राहिलेला असा हा गृहस्थ. बागेतले त्याला जे कळत होते ते फार थोड्यांना कळले आहे. त्याने आधी पाण्याची सोय करायला लावली आणि मगच झाडाला हात लावला. आज बाबेल्सबर्गच्या वळणावळणाच्या वाटांवर प्रत्येक वळणाला नदीचा एक तुकडा, लांबच्या गावाचा घुमट किंवा पलीकडचा पूल नेमका चौकटीत बसवल्यासारखा दिसतो, ती या माणसाची करामत.

इथवर सगळे घरगुती चालले होते. १८४८ च्या मार्चमध्ये ते संपले. पॅरिसला फेब्रुवारीत राजा उलथला, त्याची झळ बर्लिनला पोचली. १८ मार्चला राजवाड्यासमोर जमलेल्या गर्दीवर सैन्य चालून गेले आणि रात्रभर रस्त्यांत लढाई झाली. शेकडो नागरिक मेले. विल्हेल्मचा थोरला भाऊ आता राजा होता. तो हबकला, त्याने सैन्य मागे घेतले, मेलेल्यांच्या तिरड्यांपुढे टोपी काढली. लोकांचा सगळा राग मात्र विल्हेल्मवर निघाला. गोळीबाराचा हुकूम त्याचा नव्हता. तेव्हा त्या सैन्याची सूत्रेही त्याच्याकडे नव्हती. पण कडक हाताने वागा असे उघड सांगणारा तोच, त्यामुळे लोकांनी त्याला छर्ऱ्यांचा राजपुत्र असे नाव ठेवले. त्याच्या महालावर लोकांनी ही राष्ट्राची मालमत्ता असे लिहून टाकले. राजाने भावाला देश सोडायला सांगितले.

तो वेष पालटून निघाला आणि दोन-तीन दिवस लपला कुठे, तर हाफेलमधल्या मोरांच्या बेटावर, तिथल्या राजबागेच्या माळ्याच्या घरी. त्या बेटावर एक पांढरा पडका किल्ला आहे. दोन बुरूज, मध्ये पूल, वरचा भाग मुद्दाम ढासळलेला. तो लाकडी आहे, फळ्यांवर दगडांचे सांधे रंगवलेले. विल्हेल्मच्या आजोबांनी आपल्या प्रेमपात्रासाठी १७९० च्या दशकात बांधवून घेतलेले ते नाटकातले नेपथ्य. खरोखर जिवावर बेतले तेव्हा प्रशियाच्या राजपुत्राला आसरा मिळाला तो अशा रंगवलेल्या किल्ल्याच्या सावलीत. त्याचा एक्कावन्नावा वाढदिवस त्या दिवसांत आला. तिथून तो हँबुर्गमार्गे लंडनला गेला आणि जून महिन्यात परतला.

पुढच्या वर्षी त्याने जे केले ते बाबेल्सबर्गच्या माहितीपत्रकांत ठळक छापलेले नसते. १८४९ च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या नैर्ऋत्येला, बाडेनमध्ये, उठाव झाला. सैनिकही त्यात सामील झाले. तो मोडायला प्रशियाचे सैन्य गेले, सेनापती विल्हेल्म. २३ जुलैला रास्टाटच्या किल्ल्यात अडकलेले शेवटचे बंडखोर शरण आले. लष्करी न्यायालये बसली आणि कित्येकांना भिंतीपाशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. हजारो लोक देश सोडून अमेरिकेला गेले. रास्टाटमधून सांडपाण्याच्या भुयारातून निसटलेला कार्ल शुर्झ नावाचा विद्यार्थी तिकडे पुढे मंत्री झाला. घरी मुलांशी मऊ, नोकरांशी सौजन्याने वागणारा, पत्रे अत्यंत काळजीपूर्वक लिहिणारा हा माणूस. त्याच्या हाताखाली हे झाले, आणि त्याबद्दल त्याला कधी पश्चात्ताप झाल्याचे दिसत नाही. लंडनला वेषांतर करून पळावे लागल्याचा सल बाडेनमध्ये निघाला, असे मला वाटते.

आणि यानंतर चार वर्षांनी तो बुरूज बांधायला घेतो. श्ट्राक या वास्तुकाराने आराखडा केला. नमुना म्हणून निवडला फ्रँकफुर्टच्या तटबंदीतला एशेनहाइम बुरूज, १४२८ साली पुरा झालेला, अस्सल. फ्रँकफुर्टची तटबंदी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडून टाकण्यात आली, हा बुरूज मात्र एका फ्रेंच राजदूताने मध्ये पडल्यामुळे वाचला. फ्रेंचांचे उपकार विल्हेल्मला आवडले असते की नाही कोण जाणे. खर्चाची तजवीज झाली ती पश्चिम प्रशियातल्या फ्लाटो या जहागिरीच्या उत्पन्नातून, म्हणून बुरूजाचे नाव फ्लाटो. मी आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली हाताळल्या. कुलदेवतेची, आईची, नातवंडांची नावे घरांना दिलेली पाहिली. पण ज्या खात्यातून पैसे आले त्या खात्याचे नाव घराला देणारा हा एकच माणूस. बंगल्यावर प्रॉव्हिडंट फंड अशी पाटी लावण्यासारखे आहे हे. त्याच्या हिशेबी स्वभावाला मात्र ते शोभून दिसते.

फ्रँकफुर्टचाच बुरूज का? ज्या फ्रँकफुर्टमध्ये १८४८-४९ साली लोकांनी निवडून दिलेली जर्मनीची पहिली संसद भरली होती, जिने त्याच्या थोरल्या भावाला सम्राटपदाचा मुकुट देऊ केला होता आणि त्या भावाने तो लोकांच्या हातून येतो म्हणून नाकारला होता, त्या गावाचा. त्यात काही सूचक होते, की केवळ आकार आवडला? कादंबरीकाराला पहिले उत्तर आवडते. बँक अधिकाऱ्याला दुसरे पटते.

मी गेलो तो उन्हाळ्यातला रविवार होता. असे बुरूज बहुधा सुट्टीच्याच दिवशी उघडतात. पुलावरून आत जायचे, तिकीट काढायचे आणि चढू लागायचे. माझ्यापुढे एक जर्मन आजोबा नातवाला घेऊन चढत होते. मुलाच्या हातात लाकडी तलवार, आणि प्रत्येक खिडकीशी थांबून तो शत्रू कुठे आहे ते पाहत होता. मधल्या खोल्या राहण्यासारख्या, खिडक्या खोल, भिंती जाड. वर गेल्यावर वारा अंगावर येतो आणि एकदम कळते की हा बुरूज आतून पाहण्यासाठी नाही, आणि बाहेरूनही तितकासा नाही. तो वरून पाहण्यासाठी आहे. खाली प्युक्लरच्या वाटा, पलीकडे हाफेलचे रुंद पाणी, पॉट्सडॅमचा मोठा हिरवट घुमट, आणि उजवीकडे ग्लीनिकेचा लोखंडी पूल. याच पुलावर १० फेब्रुवारी १९६२ रोजी अमेरिकनांनी आणि रशियनांनी आपापले हेर बदलून घेतले. बागेचा नदीकाठ तर तेव्हा बर्लिनच्या भिंतीने खाल्ला होता. प्युक्लरने आखलेल्या वाटा उखडून तिथे गस्तीचा रस्ता, तारा आणि दिव्यांचे खांब आले. राजपुत्राचा बुरूज खोटा, पण त्याच्या पायथ्याशी अठ्ठावीस वर्षे खरे पहारेकरी खऱ्या बंदुका घेऊन उभे होते.

या बागेने पाहिलेली सर्वांत मोठी घटना मात्र याच्या शंभर वर्षे आधीची. थोरला भाऊ मेंदूच्या विकाराने खचल्यावर १८५८ मध्ये विल्हेल्मने त्याच्या वतीने कारभार हाती घेतला, आणि जानेवारी १८६१ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तो राजा झाला. बहुतेक माणसे ज्या वयात निवृत्तीवेतनाचा हिशेब करतात त्या वयात याची नोकरी सुरू झाली. आणि लगेच पेच पडला. त्याला सैन्य वाढवायचे होते, सक्तीची सेवा पुरी तीन वर्षांची ठेवायची होती. निवडून आलेल्या सभेने पैसे द्यायला नकार दिला. सभा बरखास्त करून पाहिली, तर नव्या निवडणुकीत विरोधकच जास्त आले. राजा म्हणून घटना मोडायची नाही आणि शिपाई म्हणून मागे हटायचे नाही, अशी त्याची कोंडी झाली. सप्टेंबर १८६२ मध्ये त्याने राज्यत्यागाचा मसुदा लिहिला.

तो मसुदा मेजावर तयार होता. सही झाली असती तर गादी मुलाकडे, फ्रेडरिककडे गेली असती. फ्रेडरिक उदारमतवादी, त्याची बायको इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी, दोघांचा ओढा इंग्रजी धर्तीच्या राज्यकारभाराकडे. पण मुलाने बापाच्या जिवंतपणी असा मुकुट घेणे योग्य मानले नाही. युद्धमंत्री रोन याने दरम्यान फ्रान्समधून एका माणसाला तातडीने बोलावून घेतले होते. ऑटो फॉन बिस्मार्क. ऑगुस्टाचा त्याच्यावर राग जुना. १८४८ च्या मार्चमध्ये, नवरा परागंदा असताना, तो तिच्याकडे काही कारस्थानी बेत घेऊन आला होता आणि ती ते कधी विसरली नाही. विल्हेल्मलाही हा माणूस भरवशाचा वाटत नव्हता.

२२ सप्टेंबर १८६२ ला बाबेल्सबर्गच्या महालात दोघे भेटले आणि बोलत बोलत बागेत फिरायला निघाले. त्या फेरफटक्याची हकिगत आपल्याला ठाऊक आहे ती फक्त बिस्मार्कच्या आठवणींतून, आणि बिस्मार्क स्वतःविषयी लिहिताना फारसा संकोच करणारा नव्हता, हे लक्षात ठेवून ती वाचावी. त्याने सांगितले असे की सभेच्या विरोधात जाऊनही सैन्याची पुनर्रचना तडीला नेण्याची हमी त्याने दिली, आणि राजाने गादी सोडण्याचा विचार सोडला. राजाच्या हातात स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कारभाराचा एक लांबलचक कार्यक्रम होता. तो त्याने फाडला आणि एका पुलावरून कोरड्या घळीत तुकडे टाकणार, तेवढ्यात बिस्मार्कने आठवण केली की हस्ताक्षर सर्वांच्या ओळखीचे आहे, कोणाच्याही हाती लागेल. राजाने तुकडे खिशात घातले, घरी जाऊन जाळायला. मला या प्रसंगात इतिहासापेक्षा माणसे जास्त दिसतात. पहिल्याच दिवशी नोकराने मालकाला कागद कुठे टाकू नये ते शिकवले. पुढची सव्वीस वर्षे तेच चालले.

त्यानंतरचे सारे शाळेच्या पुस्तकांत आहे. १८६४ ला डेन्मार्कशी युद्ध, १८६६ ला ऑस्ट्रियाशी. ३ जुलै १८६६ ला क्योनिगग्रेट्झच्या रणावर ऑस्ट्रिया हरला. फ्रँकफुर्ट या स्वतंत्र नगराने चुकीची बाजू घेतली होती. प्रशियाचे सैन्य तिथे शिरले. सुमारे ६० लाख गुल्डनची खंडणी वसूल झाली, आणि पाठोपाठ आणखी अडीच कोटींची मागणी आली. कोणाकडून किती वसूल करायचे त्यासाठी नागरिकांची यादी द्या, असा तगादा नगराध्यक्ष कार्ल फेल्नर यांच्यामागे लागला. २४ जुलैला, स्वतःच्या वाढदिवशी, या गृहस्थाने गळफास लावून घेतला. यादी दिली नाही. पुढे ती अडीच कोटींची मागणी सोडून देण्यात आली, पण नगराचे स्वातंत्र्य गेले ते गेलेच. म्हणजे ज्या गावाचा बुरूज विल्हेल्मने दहा वर्षांपूर्वी आपल्या बागेत नक्कल करून उभारला, ते गावच आता मूळ बुरुजासकट त्याच्या खात्यात जमा झाले. दुसऱ्या वर्षी, १५ ऑगस्ट १८६७ ला, नवा धनी म्हणून तो फ्रँकफुर्टला गेला; नेमके आदल्या रात्री तिथल्या जुन्या कॅथीड्रलला आग लागली होती. गावकऱ्यांनी त्याचा अर्थ काय लावला असेल ते सांगायला नको. राजाने धुमसत्या भिंतींची पाहणी केली आणि दुरुस्तीला मदत देऊ केली.

१८७०-७१ च्या फ्रेंच युद्धानंतर, १८ जानेवारी १८७१ रोजी, व्हर्सायच्या आरसेमहालात तो जर्मन सम्राट झाला. तो दिवस त्याने रुसून घालवला. त्याला पदवी जर्मनीचा सम्राट अशी हवी होती, बिस्मार्कने इतर राजांची मने राखण्यासाठी जर्मन सम्राट अशी ठरवली. समारंभ झाल्यावर व्यासपीठावरून उतरताना तो बिस्मार्कशी हात न मिळवता पुढे गेला. प्रशियाचा जुना राजमुकुट आता कोपऱ्यात पडणार याचे त्याला खरे दुःख होते. त्या वर्षी बर्लिन नगराने त्याला एक भेट दिली. नवे नगरभवन बांधताना अडचणीचे झालेले तेराव्या शतकातले जुने न्यायमंडप त्यांनी दगड-वीट सुटे करून बाबेल्सबर्गच्या बागेत आणून पुन्हा उभे केले. ते तिथे आजही आहे. खोट्या मध्ययुगाच्या बागेत खऱ्या मध्ययुगाचा एक तुकडा असा पाहुणा म्हणून आला, आणि अनोळखी माणसाला दोन्हींतला फरक सांगता येत नाही.

म्हातारा सम्राट लोकांना आवडू लागला. १८४८ साली ज्याच्या महालावर लोकांनी जप्तीसारखी पाटी लिहिली, त्याच महालाच्या कोपऱ्यातल्या खिडकीखाली रोज दुपारी पहारा बदलताना गर्दी जमे, आणि तो खिडकीत येऊन उभा राही. लोखंडी छावणीखाटेवर झोपे. घरात न्हाणीघर नसल्याने शेजारच्या हॉटेलातून आंघोळीचे टब मागवी, असे बर्लिनकर कौतुकाने सांगत. १८७८ मध्ये तीन आठवड्यांच्या अंतराने त्याच्यावर दोनदा गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्या वेळी, २ जूनला, छर्ऱ्यांनी तो चांगलाच जखमी झाला. डोक्यावरच्या शिरस्त्राणाने जीव वाचवला. वय एक्क्याऐंशी. तरी तो उठला. हल्लेखोरांपैकी एकही समाजवादी पक्षाच्या हुकमाने आलेला नव्हता, पण बिस्मार्कने संधी साधून त्या पक्षावर बंदीचा कायदा करून घेतला. त्याच कारकिर्दीत, १८८३ आणि १८८४ साली, कामगारांसाठी आजारपणाचा आणि अपघाताचा विमाही आला. एका हाताने चाबूक, दुसऱ्या हाताने औषधाची बाटली.

९ मार्च १८८८ ला तो गेला, एक्क्याण्णव पुरी व्हायला दोन आठवडे कमी असताना. शार्लोटनबुर्गला आईवडिलांच्या समाधीपाशी त्याला ठेवले. मुलगा फ्रेडरिक गादीवर बसला तेव्हा घशाच्या कर्करोगाने त्याचा आवाज गेला होता. तो नव्व्याण्णव दिवसांनी वारला. पंचवीस वर्षे जो वाट पाहत राहिला त्याला राज्य मिळाले ते तीन महिन्यांचे. मग आला नातू, दुसरा विल्हेल्म, आणि त्याच्याबरोबर १९१४ चे महायुद्ध. बाबेल्सबर्गच्या मेजावरच्या त्या मसुद्यावर सही झाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न जर्मन इतिहासकार अजूनही पुरता सोडत नाहीत.

नातवाने आजोबांच्या नावाने बर्लिनमध्ये एक भव्य चर्च बांधले, तेही जुन्या धाटणीचेच. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ते कोसळले आणि त्याचा मोडका मनोरा तसाच ठेवण्यात आला. बर्लिनला जाणारा प्रत्येक जण त्याचा फोटो काढतो. १९४५ मध्ये फ्लाटो बुरूजाचीही हानी झाली. जर्मनी एक झाल्यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची नीट दुरुस्ती झाली आणि नदीकाठच्या वाटा पुन्हा प्युक्लरच्या आखणीबरहुकूम घातल्या गेल्या. फ्लाटो गाव आता पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव झ्वोटूव. फ्रँकफुर्टचा मूळ एशेनहाइम बुरूजही जवळजवळ सहाशे वर्षे जाग्यावर आहे. त्याच्या तळाशी एक उपाहारगृह चालते, आणि खालून जाणाऱ्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनाला त्या जुन्या वेशीचे नाव आहे.